एक्झिट नंबर चार

न्यू जर्सीत दोन मराठी माणसं पहिल्यांदा भेटली की "मूळचे कुठले?" हा पहिला प्रश्न आणि "कुठल्या एक्झिटला?" हा दुसरा. टर्नपाइकचा एक्झिट सांगितला की माणसाचा अर्धा बायोडेटा कळतो. एडिसनवाले दहा नंबरचे, ईस्ट ब्रन्सविकवाले नऊ नंबरचे, क्रॅनबरीकडची मंडळी आठ-एची. चार नंबरचा एक्झिट मात्र आपल्यापैकी बहुतेकांनी नुसता मागे टाकलेला असतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना वॉशिंग्टन दाखवायला निघालं की एडिसनपासून तासाभरात तो येतो. थर्मासमधला चहा संपत आलेला असतो, मुलं मागच्या सीटवर पेंगत असतात आणि आपण डेलावेअरचा पूल कधी येतो याची वाट बघत असतो. गेली वीसेक वर्षं मीही तेच करत आलो.

हा एक्झिट माउंट लॉरेल नावाच्या टाउनशिपचा. मी पेशानं सिव्हिल इंजिनियर असल्यामुळे हे नाव मला गावाचं म्हणून नव्हे, तर फाइलीतला शब्द म्हणून माहीत होतं. न्यू जर्सीत कुठलंही मोठं बांधकाम काढा, कागदांत कुठेतरी "माउंट लॉरेल ऑब्लिगेशन" हे शब्द येतातच. म्हणजे त्या टाउनशिपनं आपल्या हद्दीत कमी उत्पन्नाच्या लोकांना परवडतील अशी घरं होऊ देण्याचं बंधन. मी ड्रेनेजची आणि रस्त्यांची गणितं करून फाइल पुढे सरकवत असे. हे नाव कुठून आलं, कुणामुळे आलं, हे विचारायची कधी गरजच वाटली नव्हती.

ती गरज २०२५ सालच्या वसंतात वाटली, आणि तीही माझ्या आईमुळे.

झालं असं. २०२४ च्या मार्चमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांनी एका नव्या कायद्यावर सही केली. त्यानुसार राज्यातल्या बहुतेक टाउनशिपांना पुढच्या दहा वर्षांत आपल्या वाट्याची परवडणारी घरं कुठे आणि कशी होऊ देणार याचा आराखडा २०२५ च्या जूनअखेर द्यायचा होता. आमच्या टाउनशिपनं घरापासून मैलभरावरच्या, बंद पडलेल्या एका ऑफिस पार्कची जागा सुचवली. तिथे अपार्टमेंट्स होणार, पाचांतलं एक घर कमी भाड्याचं. झालं! आमच्या कॉलनीचा व्हॉट्सअॅप ग्रुप पेटला. शाळेत गर्दी होईल, रस्ते तुंबतील, घरांच्या किमती पडतील, "तसले" लोक येतील. ग्रुपमध्ये निम्मे तरी आपलेच देशी लोक, त्यात चार-पाच मराठी कुटुंबं. कुणीतरी विरोधाचा अर्ज फिरवला. मुलीचा भरतनाट्यमचा क्लास सुटायची वाट बघत गाडीत बसलो असताना मी फोनवरच त्यावर सही करून टाकली. अर्धं मिनिटही लागलं नाही.

घरी आल्यावर जेवताना बायकोला ते सांगत होतो. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आलेली. ती ऐकत होती.

"कसली रे सही?" तिनं विचारलं.

"इथे जवळ घरं बांधणार आहेत, आई. कमी पगाराच्या लोकांसाठी. त्याला विरोध आहे सगळ्यांचा."

"सरकार बांधणार?"

"बिल्डर बांधणार, पण सरकारच्या नियमानं. भाडं कमी ठेवावं लागतं."

आईनं पोळीचा तुकडा मोडला आणि अगदी सहज म्हणाली, "म्हणजे आपल्या कन्नमवार नगरासारखी."

त्यात टोमणा नव्हता. तिला फक्त समजून घ्यायचं होतं. पण माझा घास तिथेच थांबला.

आम्ही विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले. आजोबा साताऱ्याकडून मुंबईला आले आणि कारखान्यात लागले. पहिली काही वर्षं दहा-बारा गाववाल्यांबरोबर एका खोलीत पाळीपाळीनं झोपण्यात गेली. मग १९६० च्या दशकात त्यांना हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत खोली मिळाली. त्यामागे केंद्र सरकारचं धोरण होतं. १९५२ साली दिल्लीनं औद्योगिक कामगारांसाठी अनुदानित घरांची योजना काढली. दिल्लीनं काही रक्कम कर्ज म्हणून आणि काही अनुदान म्हणून द्यायची, राज्यांनी वसाहती बांधायच्या आणि कामगाराकडून झेपेल एवढंच भाडं घ्यायचं. आजोबांना यातलं काही ठाऊक नसणार. त्यांना एवढंच ठाऊक होतं की आता बायकोमुलांना गावाहून आणता येईल. त्या खोलीत वडील वाढले, तिथेच आई लग्न होऊन आली, तिथेच मी झालो. पाच मिनिटांवर शाळा, खाली खेळायला मोकळी जागा, नळाला ठरलेल्या वेळी पाणी, आणि घरमालक उद्या बाहेर काढील ही धास्ती नाही. भाड्यातून वाचलेल्या पैशांवर माझे क्लास झाले, पुढे इंजिनियरिंग झालं, आणि एक दिवस त्या खोलीतल्या कॉटखालची ट्रंक घेऊन मी मास्टर्ससाठी अमेरिकेला आलो. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होतो की मी स्वतःच्या हिमतीवर आलो. ते खोटं नाही. पण त्या हिमतीला डोक्यावर छप्पर सरकारनं दिलं होतं, हे सांगायचं राहून जात होतं.

दोन आठवड्यांनी चेरी हिलला एका मित्राची वास्तुशांत होती. माउंट लॉरेल चेरी हिलच्या शेजारीच. सकाळी लवकर निघालो, आईला बरोबर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक्झिट चारला उतरलो.

उतरल्याबरोबर लागतो तो रूट ७३. हॉटेलं, गॅस स्टेशनं, ऑफिसांच्या काचेच्या इमारती. कुठल्याही सबर्बमध्ये दिसावं तसंच सगळं. पण त्यातून बाहेर पडून आतल्या रस्त्यांना लागलं की जुनं गाव दिसू लागतं. १७६० साली बांधलेलं क्वेकर लोकांचं दगडी प्रार्थनागृह अजून उभं आहे. पुढे एल्बो लेन नावाच्या रस्त्यावर जेकब्ज चॅपल हे कृष्णवर्णीयांचं छोटंसं चर्च आणि त्याला लागून दफनभूमी. गुलामगिरीच्या काळापासून या भागात स्वतंत्र कृष्णवर्णीय कुटुंबं राहत आलेली आहेत. क्वेकर गुलामगिरीच्या विरोधात असल्यानं दक्षिणेतून पळून आलेल्यांना इथे आसरा मिळे. म्हणजे ही कुटुंबं उपरी नव्हेत. आपल्याकडे ज्यांना मूळचे गावकरी म्हणतात, तशी ती.

आईला चर्चच्या पायरीवर जरा बसवलं आणि तिला या गावाची गोष्ट सांगितली. प्रवासाआधी चार रात्री जागून मी ती वाचून काढली होती.

१९५० साली या २२ चौरस मैलांच्या टाउनशिपची वस्ती तीन हजारांच्या आत होती. सगळी शेती. मग टर्नपाइक आला, पाठोपाठ हायवे आले आणि १९७० पर्यंत वस्ती अकरा हजारांवर गेली. शेतं विकली गेली, त्यांच्यावर नवी घरं उठली. जुनी कृष्णवर्णीय कुटुंबं स्प्रिंगव्हिल भागात पडक्या घरांतून राहत होती. काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची डागडुजी करून केलेल्या खोल्यांत. टाउनशिप ती घरं राहण्यास अयोग्य म्हणून बंद करत होती, पण त्या बदल्यात दुसरी परवडणारी घरं गावात नव्हती. मग रहिवाशांनी एक समिती केली आणि ३६ अपार्टमेंट्स बांधायची परवानगी मागितली. फक्त ३६. १९७० च्या शरदात, याच जेकब्ज चॅपलमध्ये, मेयर बिल हेन्स उत्तर द्यायला आले. त्यांच्या सांगण्याचा सारांश असा की, तुम्हांला या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हांला गाव सोडावं लागेल.

ऐकणाऱ्यांत एथेल लॉरेन्स होत्या. नऊ मुलांची आई, लहान मुलांना शिकवणारी बाई, पिढ्यान् पिढ्या याच परिसरात राहिलेल्या घराण्यातली. त्यांची लेक घर मिळेना म्हणून गाव सोडायच्या बेतात होती. कॅमडेनमधल्या मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेतल्या तीन तरुण वकिलांनी खटला उभा केला. एथेलबाई आणि त्यांची लेक वादी झाल्या. १९७१ मध्ये दावा दाखल झाला.

"पण सरकारकडे पैसा नव्हता का?" आईनं विचारलं. तिच्या डोक्यात कन्नमवार नगराचा हिशोब.

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता आणि उत्तर मला इंजिनियर म्हणून ठाऊक होतं. पैसा हा पुढचा प्रश्न. आधी जमीन लागते, आणि तिच्यावर काय बांधायचं हे टाउनशिप ठरवते. त्याला इथे झोनिंग म्हणतात. माउंट लॉरेलच्या नियमांत बहुतेक सगळीकडे एकेका कुटुंबाचं सुटं घरच बांधता येई, आणि तेही ठरावीक मापाच्या मोठ्या प्लॉटवर. एका भागात तर एका घराला किमान २०,००० चौरस फूट जमीन हवी. जवळजवळ ३० टक्के जमीन कारखान्यांसाठी राखून ठेवलेली, आणि कारखाने मात्र त्यातल्या शंभरेक एकरांवर! बाकी रिकामी. ज्या थोड्या ठिकाणी अपार्टमेंट्सना परवानगी दिली, तिथे अट अशी की घरामागे शाळेत जाणारी मुलं ०.३ पेक्षा जास्त निघाली तर जादा मुलांच्या शिक्षणाचा खर्च बिल्डरनं भरायचा. म्हणजे दहा घरांत मिळून तीन मुलं! शून्य दशांश तीन मूल कसं दिसतं, हे मला माझ्या सगळ्या शिक्षणात कुणी शिकवलं नाही.

हे नियम लिहिणारे लोक राक्षस नव्हते, हेही सांगायला हवं. न्यू जर्सीत शाळांचा मोठा खर्च प्रॉपर्टी टॅक्समधून निघतो. छोट्या घराचा टॅक्स कमी आणि त्यातली मुलं दोन-तीन. म्हणून असं घर टाउनशिपला "तोट्याचं" वाटतं, आणि कारखाना किंवा ऑफिस "फायद्याचं". प्रत्येक टाउनशिप आपापला हिशोब बरोबर मांडते. सगळ्यांचे बरोबर हिशोब एकत्र केले की शिक्षिका, नर्सिंग होममधली मदतनीस, दुकानातला कॅशियर यांना राज्यात राहायला जागा उरत नाही. मग ती माणसं कॅमडेनसारख्या शहरांत जाऊन साठतात आणि आपण म्हणतो, बघा, त्या शहरांची काय दशा झाली.

मार्च १९७५ मध्ये न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या त्या निकालाचा गाभा साधा आहे. झोनिंगचा अधिकार टाउनशिपला राज्यानं दिलेला असतो, म्हणून तो साऱ्यांच्या हितासाठी वापरला पाहिजे. वाढणाऱ्या टाउनशिपनं आपल्या भागातल्या गरिबांच्या घरांचा न्याय्य वाटा उचललाच पाहिजे. यावर माउंट लॉरेलनं काय केलं? वीसेक एकर जमीन त्या कामासाठी दाखवली, आणि तीही जिथे कुणी बांधायला धजणार नाही अशी. प्रकरण पुन्हा कोर्टात. १९८३ साली मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट विलेन्ट्झ यांच्या कोर्टानं दुसरा, जास्त कडक निकाल दिला. टाउनशिप आडमुठेपणा करत असेल तर बिल्डर थेट कोर्टात येऊन दाट बांधकामाची परवानगी मागू शकेल, मात्र त्यातली साधारण पाचांतली एक जागा कमी उत्पन्नवाल्यांची हवी. बाकीची चार घरं बाजारभावानं विकून पाचव्याचा खर्च भागतो. आमच्या ऑफिस पार्कमधलं ते "पाचांतलं एक" इथून आलेलं आहे.

१९८५ मध्ये विधिमंडळानं कायदा केला, काउन्सिल नेमली. त्यातही एक पळवाट होती. श्रीमंत टाउनशिपनं आपल्या वाट्याची निम्मी घरं पैसे मोजून दुसऱ्या एखाद्या गरीब शहराच्या गळ्यात मारायची! २००८ मध्ये ती बंद झाली. पुढे काउन्सिल इतकी ढिम्म झाली की २०१५ साली कोर्टानं काम पुन्हा आपल्याकडे घेतलं, आणि २०२४ च्या कायद्यानं ती मोडीतच काढली. पन्नास वर्षांची ही ओढाताण. तरी गेल्या चाळीसेक वर्षांत राज्याच्या सबर्बमध्ये हजारो घरं या एका खटल्यामुळे झाली.

आणि एथेलबाई? त्यांना धमक्या आल्या, टोमणे झाले, तरी त्या गाव सोडून गेल्या नाहीत. १९९४ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या गावात वकिलांना ज्यासाठी झगडावं लागलं ती वसाहत तोवर कागदावरच होती. १९९७ साली, गाजलेल्या सुनावण्यांनंतर, प्लॅनिंग बोर्डानं तिला परवानगी दिली. त्या तीन वकिलांपैकी पीटर ओ'कॉनर यांनी उभारलेल्या संस्थेनं ती बांधली. २००० सालाच्या शेवटाला पहिली कुटुंबं राहायला आली. दोन टप्प्यांत मिळून १४० घरं झाली. नाव एथेल लॉरेन्स होम्स.

आम्ही तिकडे गाडी वळवली. रस्त्यालाही त्यांचंच नाव आहे. दुतर्फा झाडं, दुमजली टाउनहाउसं, पुढे हिरवळ, एका पोर्चमध्ये मुलाची सायकल आडवी पडलेली. एक बाई गाडीतून किराणा उतरवत होत्या. त्यांनी हात हलवला, आम्हीही हलवला. दुसऱ्यांच्या घरांत डोकावणं बरं नव्हे म्हणून गाडी न थांबवता हळूहळू एक फेरी मारली. ६२ एकरांच्या जागेवर घरं ऐसपैस बसवलेली. ड्रेनेज, उतार, पार्किंग, सगळं मी सवयीनं बघत होतो. काम चांगलं होतं.

फेरी संपत आली तशी आई म्हणाली, "घरं छान आहेत रे. पण ती गरिबांची घरं कुठे आहेत? ती दाखव ना."

"आई, हीच ती."

तिनं मान वळवून पुन्हा एकदा मागे पाहिलं आणि काही बोलली नाही.

आई एकटीच फसली असं नाही. प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वसाहतीचा दहा वर्षांचा हिशोब तपासला आणि २०१३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. आजूबाजूच्या कॉलन्यांमधल्या लोकांना विचारलं तेव्हा जवळजवळ एक तृतीयांश लोकांना शेजारी अशी वसाहत आहे हेच माहीत नव्हतं! सुनावण्यांच्या वेळी जी भीती घातली गेली होती, तीही त्यांनी एकेक करून तपासली. आसपासच्या तशाच दुसऱ्या टाउनशिपांशी तुलना केली. वसाहतीमुळे घरांच्या किमती पडल्या नाहीत, गुन्हे वाढले नाहीत, टॅक्स चढले नाहीत. आणि ज्यांना तिथे घर मिळालं, त्यांची ज्यांनी अर्ज केला पण घर मिळालं नाही अशांशी तुलना केली. घर मिळालेल्यांची कमाई वाढली, मुलं चांगल्या शाळांत गेली, अभ्यासाला निवांत जागा मिळाली. ते वाचताना मला कन्नमवार नगरातला गॅलरीतला दिवा आठवला. त्याखाली मी दहावीचा अभ्यास केला होता.

परतीच्या वाटेवर आईनं पुन्हा पैशांचा विषय काढला. तिला अर्धवट हिशोब चालत नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारनं १९३७ साली कायदा करून सरकारी घरं बांधायला सुरुवात केली. १९४९ च्या कायद्यात प्रत्येक अमेरिकन कुटुंबाला नीटसं घर मिळावं हे राष्ट्राचं उद्दिष्ट म्हणून लिहिलं गेलं. जानेवारी १९७३ मध्ये निक्सन यांनी नव्या अनुदानांना एकदम ब्रेक लावला. १९७४ पासून सेक्शन एट आलं. पुढे त्याची व्हाउचर्स झाली. कुटुंबानं उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं द्यायचं, वरचं सरकार भरतं. १९८६ पासून टॅक्स क्रेडिट आलं. सरकार स्वतः बांधत नाही. कमी भाड्याची घरं बांधणाऱ्या प्रकल्पांना दहा वर्षं आयकरात सवलत देतं, बँका आणि मोठ्या कंपन्या ती सवलत विकत घेतात आणि त्या पैशांतून बांधकाम होतं. एथेल लॉरेन्स होम्सच्या भांडवलातही अशा क्रेडिटचा पैसा आहे. पण हे सगळं मिळूनही, मदतीला पात्र असलेल्या चार भाडेकरू कुटुंबांपैकी साधारण एकालाच केंद्राची मदत मिळते. बाकीचे तीन वेटिंग लिस्टवर, किंवा तिथेही नाहीत.

"आणि तुम्हांला काय मिळतं?" आईनं विचारलं.

"आम्हांला काही नाही. आम्ही टॅक्स भरतो," मी म्हणालो. आणि दोन मैल गेल्यावर आठवलं. पहिलं घर घेतलं तेव्हा दर वर्षी एप्रिलमध्ये मी शेड्यूल ए भरत असे. कर्जाच्या व्याजावर आयकरात सूट. जेवढं मोठं कर्ज आणि जेवढा वरचा टॅक्स ब्रॅकेट, तेवढी मोठी सूट. २०१७ च्या टॅक्स कायद्यानं ती बरीच आकसली. पण त्याआधी या सवलतीपायी केंद्राच्या तिजोरीवर पडणारा भार गरिबांच्या भाड्याला मिळणाऱ्या मदतीपेक्षा मोठा होता. म्हणजे अमेरिकन सरकार घरांवर खर्च करत होतंच, आणि त्यातला वाटा माझ्यासारख्याच्या खिशातही येत होता. त्यासाठी मला रांगेत उभं राहावं लागलं नाही की कुणी माझ्या मुलीला मोजलं नाही. ते पैसे "सरकारी मदत" आहेत असं कुणी म्हणालं नाही, म्हणून मलाही तसं वाटलं नाही.

जूनमध्ये आमच्या टाउनशिपची जाहीर सभा झाली. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. मी असल्या सभांना नेहमी टेबलाच्या पलीकडे, नकाशे घेऊन बसतो. त्या दिवशी माइकपुढे उभा राहिलो आणि पाय लटपटले. मी सांगितलं की विरोधाच्या अर्जावर माझी सही आहे आणि ती मी मागे घेतोय. माझ्या आजोबांना मुंबईत सरकारी वसाहतीत खोली मिळाली म्हणून मी आज या टाउनशिपला टॅक्स भरतोय, हे सांगितलं. ट्रॅफिकबद्दल म्हणालो, की ते ऑफिस पार्क चालू होतं तेव्हा सकाळी तिथे किती गाड्या येत हे आठवून बघा, मग नव्या घरांच्या गाड्यांची काळजी करा. तीन मिनिटं कधी संपली कळलंही नाही. टाळ्या दोन-चार पडल्या.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये आमचे एक जुने स्नेही भेटले. मंडळाच्या गणपतीत आम्ही दोघं मिळून मखर करतो. ते म्हणाले, "तुमचं काय जातंय हो, तुमची मुलगी दोन वर्षांत कॉलेजला जाईल. आमचा धाकटा अजून तिसरीत आहे." त्यांचा राग मला समजतो. चांगल्या शाळेसाठीच त्यांनी झेपत नसताना हे घर घेतलं. पण त्या पाचांतल्या एका घरात येणारी आईसुद्धा नेमकी त्याच शाळेसाठी येणार आहे, हे त्यांना कसं सांगावं ते मला तिथे उभ्या उभ्या सुचलं नाही. म्हणून इथे लिहितोय. त्यांच्या घरी हा अंक येतो.

आराखडा मंजूर झाला. माझ्या भाषणामुळे नव्हे. कायद्यापुढे टाउनशिपला दुसरा इलाज नव्हता. गणपतीत मखर आम्ही दोघांनीच केलं, जरा कमी बोलत. आई विक्रोळीला परत गेली. आमच्या जुन्या इमारतीचं रिडेव्हलपमेंट व्हायचं आहे, तिथेही रोज सभा आणि रोज भांडणं. रविवारी फोनवर तिथल्या बातम्या सांगून झाल्या की ती विचारते, "तुमच्या तिकडची ती घरं झाली का रे?" मी सांगतो, अजून नाही, ऑफिस पार्कची काचेची इमारतसुद्धा अजून पाडलेली नाही.

पुढच्या वेळी पाहुण्यांना वॉशिंग्टनला नेताना वाटेत चहाला थांबायचं असतंच. तेव्हा एक्झिट चारला उतरा. जेकब्ज चॅपल बघा, क्वेकरांचं दगडी घर बघा, आणि मग एथेल लॉरेन्स यांच्या नावाच्या रस्त्यावरून हळूहळू एक चक्कर मारा. अर्ध्या तासात होतं सगळं. बरोबर आई किंवा सासूबाई असतील तर त्यांना आधी काही सांगू नका. त्या काय विचारतात ते ऐका.